दहावा स्क्रू

लॅपटॉपची रॅम वाढवणं दहा मिनिटांचं काम आहे, असं कुणीही सांगतं आणि ते खरंही आहे. तळाचं झाकण काढायचं, जुनी पट्टी उचलायची, नवी बसवायची, झाकण लावायचं. त्यातली दोन मिनिटं रॅमची आणि आठ स्क्रूंची. अडचण एवढीच की स्क्रू दहा असतात, नऊ मुकाट्याने निघतात आणि दहावा अडून बसतो. मग दहा मिनिटांची दुपार होते. पनवेलमधल्या एखाद्या लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात थोडा वेळ नुसतं उभं राहिलं तरी हे ध्यानात येतं. गिऱ्हाईक रॅमचा भाव विचारत येतं, घासाघीस रॅमच्या भावावर होते, पण कारागिराचं कसब लागतं ते स्क्रूवर. बिलात मात्र त्या स्क्रूची ओळ कधीच नसते.

ती ओळ लिहून काढावी, म्हणून हा लेख.

नाक्यावरचं गाव

पनवेल हे पूर्वीपासून वाटेवरचं गाव. 1830 साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला तेव्हा देशावरचा माल घाट उतरून पनवेलच्या बंदरात येई आणि इथून गलबतांनी मुंबईला जाई. पुढे रेल्वे कर्जतमार्गे घाट चढली आणि बंदराचा दिमाख ओसरला, पण वाट मोडली नाही. आज द्रुतगती मार्ग कळंबोलीपासून सुरू होतो, हार्बरची लोकल इथे संपते, आणि उरण, पेण, कर्जत, खोपोलीकडची पोरं कॉलेजसाठी इथे उतरतात. नवीन पनवेल, खांदा कॉलनी, कामोठे, खारघर या पट्ट्यात इंजिनिअरिंगपासून फार्मसीपर्यंत सगळी कॉलेजं आहेत. जिथे कॉलेजं तिथे लॅपटॉप, आणि जिथे वापरलेले लॅपटॉप तिथे दुरुस्तीची दुकानं.

या दुकानांत येणारी यंत्रं ढोबळमानाने दोन जातींची. एक हप्त्यावर घेतलेली नवी, पातळ, चकचकीत. दुसरी कंपन्यांतून निघालेली. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षं वापरून लॅपटॉप घाऊक विकून टाकतात. ते झाडूनपुसून पुन्हा बाजारात येतात. लेनोवोचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक. दिसायला काळे, जाड, ऑफिसातल्या फायलींसारखे कंटाळवाणे. पण विद्यार्थ्यांच्या खिशाला परवडतात आणि त्यांच्या पोटात बहुधा रॅमसाठी मोकळी जागा असते. चार जीबीची आठ, आठाची सोळा करायची आणि पुढची तीन वर्षं काढायची, हा सरळ हिशोब.

अलीकडे हा हिशोब जास्त घरांत मांडला जातो आहे. 14 ऑक्टोबर 2025 ला मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा मोफत आधार थांबवला. विंडोज 11 कागदोपत्री चार जीबीवर चालतं, पण चार जीबीवर ब्राउझर आणि ऑनलाइन वर्ग एकत्र चालवून बघावं म्हणजे कागद आणि वस्तुस्थिती यांतलं अंतर कळतं. त्यातच 2025 सरता सरता रॅमचे भाव भडकले, कारण मेमरी बनवणारे कारखाने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांना लागणाऱ्या महागड्या मेमरीकडे वळले. मायक्रॉनने तर डिसेंबर 2025 मध्ये ‘क्रुशल’ हा घरगुती ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. मोठं मशीन घेणं महाग, रॅम घेणंही महाग. मग निदान घेतलेली रॅम धड बसावी, एवढी तरी अपेक्षा असतेच.

स्क्रू ड्रायव्हर उचलण्याआधी

काउंटरवर पाच-सहा वर्षं जुना लॅपटॉप उलटा ठेवलेला आहे. कारागीर लगेच हत्याराला हात घालत नाही. मोबाइलचा टॉर्च तिरका धरून एकेका स्क्रूच्या खाचेत बघतो. एका कोपऱ्यावर थांबतो.

“आधी कुणी उघडायला घेतला होता?”

“भावाने,” पेणहून आलेली मुलगी सांगते. “तो एक निघेना, म्हणून सोडून दिला.”

“बरं केलं सोडलं ते. खाच अजून शिल्लक आहे.”

या एका वाक्यात धंद्याचा अर्धा अनुभव आहे. स्क्रू आतून घट्ट असणं हे एक दुखणं आणि त्याची खाच गोल होणं हे दुसरं. पहिलं यंत्राचं, दुसरं माणसाचं. पहिल्यावर उपाय बरेच आहेत. दुसरं ओढवून घेतलं की तेच उपाय अवघड होत जातात, कारण जोर लावायला जागाच उरत नाही. दुकानात आलेला ‘जाम’ स्क्रू बघावा तर बरेचदा तो जाम नसतोच. तो नुसता घट्ट होता. घाईने त्याचं डोकं खाल्लं.

टॉर्च झाल्यावर दुसरी तपासणी टोकाची. स्क्रूवर अधिक चिन्हासारखी खाच दिसली की आपल्याकडे त्याला ‘स्टार’ म्हणायचं आणि घरात असेल तो स्टार घालून बघायचा, ही सर्वसाधारण रीत. पण या खाचांना मापं आहेत. लॅपटॉपच्या तळाला बहुधा पीएच झिरो लागतो, कुठे पीएच वन, आतल्या चिमुकल्या स्क्रूंना पीएच डबल झिरो. एक माप लहान टोक खाचेत आरामात शिरतं, म्हणूनच ते फसवं. ते भिंतींना टेकत नाही, फक्त मधे गरगरतं आणि प्रत्येक फेरीला थोडं थोडं पोलाद खरवडून काढतं. योग्य टोक घातलं की स्क्रू ड्रायव्हर हात सोडला तरी क्षणभर उभा राहतो. दुकानातली परीक्षा हीच.

अमेरिकेतलं घसरणं

ही अधिकची खाच हेन्री फिलिप्स या अमेरिकी माणसाच्या नावाने ओळखली जाते. मूळ कल्पना जॉन थॉम्प्सनची. फिलिप्सने ती विकत घेऊन सुधारली, 1936 मध्ये पेटंटं मिळवली आणि अमेरिकन स्क्रू कंपनीकडून बनवून घेतली. जनरल मोटर्सने कॅडिलॅकच्या जुळणीत ती वापरली आणि ती जगभर गेली. त्या आधीच्या सरळ खाचेत यंत्राचं टोक मधोमध बसत नसे, बाजूला सटकत असे. फिलिप्सच्या खाचेत टोक आपोआप मध्यावर येतं. कारखान्याच्या पट्ट्यावर सेकंदाला महत्त्व, तिथे हा गुण सोन्यासारखा.

त्या गुणाची किंमत मात्र आपण इथे मोजतो. खाचेच्या भिंती उतरत्या आहेत. जोर वाढला की टोक त्या उतारावरून वर चढतं आणि बाहेर फेकलं जातं. बाहेर पडताना खाचेच्या कडा सोलतं. लावताना फार बिघडत नाही, कारण लावणारं यंत्र वरून दाबून धरतं. काढताना माणूस फिरवण्यावर जोर देतो, दाबायचं विसरतो. म्हणून कारागीर नवशिक्या पोराला पहिल्या दिवशी हेच शिकवतो: आधी दाब, मग फिरव. दाबाचा वाटा मोठा आणि पिळाचा लहान. तळहाताचा मध्य मुठीवर, दुसरा हात फक्त फिरवायला.

जपानने आपली वेगळी फुली पाळली होती. तिथल्या मानकाप्रमाणे बनवलेली खाच वरून फिलिप्ससारखीच दिसते, पण आतली ठेवण निराळी. जुन्या जपानी यंत्रांत असे स्क्रू सापडतात. काहींच्या डोक्यावर ओळखीसाठी बारीक ठिपका असतो. त्यांत फिलिप्सचं टोक घातलं की ते तळाशी पोहोचायच्या आत अडतं आणि पहिल्याच पिळाला सटकतं. तेव्हा ठिपका दिसला तर हत्यार बदलावं. मनगटाचा जोर वाढवून उपयोग नाही.

आतून कोण धरून ठेवतं

खाच शाबूत आहे, टोक बरोबर आहे, दाबही आहे, तरी हलत नाही. आता दोष कारखान्याकडे किंवा हवेकडे.

कारखान्याने स्क्रू मुद्दाम घट्ट केलेला असतो. लॅपटॉप रोज तापतो आणि गार होतो, पिशवीत हिंदकळतो, लोकलच्या गर्दीत दाबला जातो. स्क्रू आपोआप सैल होऊ नये म्हणून त्याच्या आट्यांवर नायलॉनचा पातळ लेप देतात. काढलेल्या स्क्रूवर निळसर पट्टा दिसतो तो हाच. काही ठिकाणी आट्यांत गोंदही असतो. हा गोंद अमेरिकेतल्या हार्टफर्डचे रसायनशास्त्रज्ञ व्हर्नन क्रीबल यांनी 1953 मध्ये सिद्ध केला आणि पुढे तो लॉकटाइट या नावाने विकला जाऊ लागला. तो बाटलीत पातळ राहतो, कारण बाटलीत हवा असते. आट्यांच्या फटीत हवा तुटली आणि धातूचा स्पर्श झाला की तो घट्ट होतो. निळा गोंद साध्या हत्याराला दाद देतो. लाल गोंद मात्र अडीचशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापवल्याशिवाय सोडत नाही. सुदैवाने लॅपटॉपच्या तळाला लालची गाठ क्वचित पडते. आधीच्या कुणी हौशी माणसाने लावला असेल तरच.

गंमत म्हणजे त्याच 1953 साली, त्याच देशाच्या दुसऱ्या टोकाला, सॅन दिएगोत रॉकेट केमिकल कंपनी स्थापन झाली आणि तिने गंज रोखणारं पाणीतोड तेल बनवलं. ते ॲटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्यासाठी वापरलं गेलं आणि पुढे निळ्या-पिवळ्या डब्यातून जगातल्या प्रत्येक गॅरेजात पोहोचलं: डब्ल्यूडी-40. एका टोकाला घट्ट करण्याचं रसायन, दुसऱ्या टोकाला सोडवण्याचं. पनवेलच्या दुकानातल्या फळीवर आज दोन्ही शेजारी उभी असतात.

हवेचा वाटा हा इथला, कोकणातला. रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. पनवेलला खाडी आहे, म्हणजे दमट हवेत मीठही आहे. शेजारी तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने आहेत. कपाटातल्या चामडी पट्ट्याला ऑगस्टात बुरशी येते त्या घरात लॅपटॉपचा पोलादी स्क्रूही सुखाने नांदत नाही. त्याच्यावर जस्ताचा किंवा निकेलचा मुलामा असतो तो काही मायक्रॉनचा. खाचेत एकदा टोक सटकलं की मुलामा तिथून जातो आणि पुढच्या पावसाळ्यात नेमका तिथे गंज धरतो. त्यामुळे भावाने अर्धवट सोडलेला स्क्रू पुढच्या वर्षी जास्त वाईट अवस्थेत मिळतो.

त्याहून छुपी गोष्ट धातूंच्या जोडीची. मजबूत लॅपटॉपच्या आतला सांगाडा पुष्कळदा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा असतो. पोलाद आणि मॅग्नेशियम एकमेकांना टेकले आणि मधे खारट ओल आली की त्यांची छोटीशी बॅटरीच तयार होते. त्यात मॅग्नेशियम झिजतं आणि पांढरी भुकटी आट्यांत भरते. बाहेरून स्क्रू स्वच्छ दिसतो, आत मात्र मुरलेला असतो. पितळी बुशात बसलेल्या स्क्रूला हा त्रास कमी. पण बुशाचं दुखणं निराळं: प्लॅस्टिकमध्ये गरम करून दाबलेला तो बुश सुटला की स्क्रूबरोबर तोही गोल फिरत राहतो. टोक सटकत नाही, स्क्रू फिरतो, तरी वर येत नाही. अशा स्क्रूला आणखी पिळणं म्हणजे वेळ घालवणं. झाकणाच्या फटीत प्लॅस्टिकची पातळ पट्टी सरकवून झाकण किंचित वर ताणून धरायचं, बुशावर ताण आला की फिरवायचं. ताणाने बुश जागच्या जागी अडतो आणि स्क्रू सुटतो.

पायरी पायरीने

पेणच्या मुलीचा लॅपटॉप आता खरा हातात घेतला जातो. चार्जर काढलेला. थिंकपॅड असेल तर त्याच्या बायोसमध्ये आतली बॅटरी तात्पुरती बंद करण्याची सोय असते. ती वापरली जाते. पहिले नऊ स्क्रू एका कागदावर. कागदावर लॅपटॉपच्या तळाचा चौकोन काढलेला आणि ज्या कोपऱ्याचा स्क्रू त्या कोपऱ्यावर दुतोंडी टेपने चिकटवलेला. हा पोरखेळ वाटतो, पण त्याचं कारण पुढे येईल.

दहाव्याची पहिली पायरी सफाई. शिवणाच्या सुईने खाचेतली घाण उकरून काढायची आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवायचा. घट्ट बसलेल्या धुळीमुळे टोक अर्धा मिलिमीटर वर राहतं, आणि एवढ्याशा खाचेत अर्धा मिलिमीटर म्हणजे निम्मी खोली.

दुसरी पायरी उलटी. काढायच्या आधी स्क्रू केसभर घट्ट करायचा. गंजाची किंवा गोंदाची पकड कोणत्याही दिशेने मोडली तरी मोडतेच, आणि घट्ट करण्याच्या बाजूची खाचेची भिंत बहुधा कोरी असते, कारण तिच्यावर कुणी जोर काढलेला नसतो. एक बारीक ‘कट्’ ऐकू आलं की निम्मं काम झालं.

आवाज आला नाही तर तिसरी पायरी: उष्णता. सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूच्या डोक्यावर काही सेकंद टेकवायचं. नायलॉन मऊ होतं, निळा गोंद ढिला पडतो, गंजाची पकड धातूच्या फुगण्या-आकसण्याने तडकते. गरम असतानाच फिरवायचं. पण इथे हात आवरावा लागतो. बुश प्लॅस्टिकमध्ये बसलेला असेल तर जास्त तापवल्यावर स्क्रू बुशासकट हातात येईल. आणि स्क्रूच्या खाली लिथियम बॅटरी असेल तर आयर्न जवळही न्यायचं नाही. तळाचं झाकण अजून बंद असताना आत बॅटरी कुठे आहे हे दिसत नाही, म्हणून कारागीर त्या मॉडेलची सर्व्हिस मॅन्युअल मोबाइलवर उघडून बघतो. डेल, एचपी, लेनोवो या कंपन्या त्या उघड ठेवतात. कोणता स्क्रू कुठे, किती लांबीचा, आत काय, सगळं चित्रासकट.

तेल लागतं ते गंजाला. तेही फवारून मारायचं नाही. सुईच्या टोकावरून एक थेंब डोक्याच्या कडेला सोडायचा आणि यंत्र रात्रभर ठेवून द्यायचं. जास्त झालेलं तेल प्लॅस्टिकमध्ये शिरतं, आणि लॅपटॉपच्या काही प्लॅस्टिकांना असली द्रावणं मानवत नाहीत; बुशाभोवती बारीक तडे जातात.

खाच आधीच गोल झाली असेल तर पकड वाढवण्याच्या युक्त्या. रुंद रबरबँड किंवा फुग्याचा पातळ तुकडा खाचेवर ठेवून त्यावरून टोक दाबायचं. रबर झिजलेल्या जागा भरून काढतं. त्याहून चांगली गॅरेजवाल्यांची व्हॉल्व्ह घासायची पेस्ट. तिच्यातले खरखरीत कण टोक आणि खाच यांच्यात रुततात आणि घसरण थांबते. डोकं पृष्ठभागाच्या वर असेल तर सरळ पक्कड. जपानी कंपन्यांनी यासाठी खास पकडी काढल्या आहेत. त्यांच्या जबड्याच्या टोकाला उभे दाते असतात आणि त्या स्क्रूचं डोकं समोरून धरतात. इंटरनेटवर एक उपाय फार लोकप्रिय आहे, फेविक्विकने टोकच स्क्रूला चिकटवून टाकण्याचा. कारागीर त्यावर हसतात. गोंद स्क्रूच्या डोक्याखाली ओघळला की काढायच्या स्क्रूला आपणच आणखी एक कुलूप लावलं.

शेवटची पायरी ड्रिल. दोन मिलिमीटरच्या स्क्रूचं डोकं ड्रिलने उडवायचं, झाकण काढायचं आणि उरलेला दांडा पकडीने फिरवून काढायचा. डोकं गेलं की वरचा ताण जातो, आणि एरवी हलत नसलेला दांडा पुष्कळदा बोटांनीही निघतो. या कामात खरी भीती स्क्रूची नसते. उडणाऱ्या चुऱ्याची असते. पोलादाचा एक कण मदरबोर्डवरच्या सोल्डरच्या दोन टाक्यांच्या मधे पडला तर अख्खा लॅपटॉप जातो. म्हणून आजूबाजूला टेप, फटीवर टेप, आणि ड्रिल चालू असताना शेजारी व्हॅक्यूम.

मुलीच्या लॅपटॉपला ड्रिल लागत नाही. सुई, अल्कोहोल, केसभर घट्ट, मग उलट. ‘कट्’ आवाज येतो. स्क्रू चुंबकी टोकाला चिकटून वर येतो आणि कागदावर आपल्या कोपऱ्यात जाऊन बसतो.

चुंबकाचा विषय निघालाच आहे तर एक पनवेली तपशील. चुंबकी स्क्रू ड्रायव्हरने लॅपटॉप बिघडतो अशी धास्ती अनेकांना असते. एवढ्याशा टोकाने काही होत नाही. लोखंडाची खरी धास्ती बाळगणारी संस्था इथून जवळच, नवीन पनवेलला आहे. भारतीय भूचुंबकत्व संस्था पृथ्वीच्या चुंबकत्वातले बारीकसारीक चढउतार मोजते. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून तिची कुलाब्याची वेधशाळा 1904 मध्ये अलिबागला हलवली गेली, आणि तिथल्या इमारतीसाठी चुंबकत्व नसलेला पोरबंदरी दगड निवडून आणला गेला. रॅम बदलायला एवढं सोवळं पाळावं लागत नाही.

झाकणाखाली

झाकण उघडल्यावर रॅम समोर दिसते: हाताच्या दोन बोटांएवढी हिरवी किंवा काळी पट्टी, दोन्ही कडांना स्टीलच्या चिमट्या. चिमट्या बाहेर ढकलल्या की पट्टी स्वतःहून तिरकी उठते. नवी तशीच तिरकी खोचायची आणि ‘टिक’ होईपर्यंत खाली दाबायची. चुकायला जागा कमी, कारण पट्टीच्या कडेला एक खाच असते आणि प्रत्येक पिढीत तिची जागा वेगळी. डीडीआर-3 ला 204 पिना, डीडीआर-4 ला 260, डीडीआर-5 ला 262. एका पिढीची पट्टी दुसरीच्या जागेत बसत नाही. फसगत होते ती डीडीआर-3 च्या घरात. साधी 1.5 व्होल्टची आणि कमी विजेची 1.35 व्होल्टची यांची खाच एकच. ज्या बोर्डाला 1.35 हवे त्यात जुनी साधी पट्टी बसते खरी, पण यंत्र उठत नाही. लोक रॅम खराब निघाली म्हणून दुकानात परत येतात.

दुसरी घबराट पहिल्यांदा चालू करताना होते. रॅम बदलल्यावर यंत्र नव्या पट्टीची ओळख करून घेतं, आणि विशेषतः डीडीआर-5 मध्ये स्क्रीन काही वेळ काळी राहते. त्या वेळात बटण दाबून बंद करणं हा हमखास होणारा घोळ. एक चहा होईपर्यंत थांबावं.

आणि आता कागदावरच्या स्क्रूंचं कारण. लॅपटॉपच्या तळाचे सगळे स्क्रू सारखे दिसतात, पण बिजागरीजवळचे लांब आणि पुढच्या कडेचे आखूड असतात. लांब स्क्रू आखूड जागी गेला की तो तळहात टेकवायच्या पट्टीला आतून भोसकतो आणि वर एक फुगवटा येतो, नाहीतर मदरबोर्डमध्ये घुसतो. शेवटच्या दोन आट्यांत जोर लागतो आहे, असं जाणवलं तर तो घट्टपणा नव्हे, तो चुकीचा स्क्रू आहे. लावतानाही एक रीत आहे: आधी उलटा फिरवायचा, आट्याला आटा मिळाल्याचा हलका ठोका जाणवला की मगच सरळ. जुन्या आट्यातच बसला पाहिजे. नवा आटा पाडला की प्लॅस्टिक भुसभुशीत होतं.

जिथे स्क्रूच नाही

इतकं वाचून स्क्रूवर राग येऊ शकतो. पण दुकानातल्या माणसाला विचारावं, तुला कोणत्या मशीनची धास्ती वाटते? तो जाम स्क्रूचं नाव घेत नाही. ज्या मशीनमध्ये रॅम मदरबोर्डवरच टाक्यांनी बसवलेली आहे त्याचं नाव घेतो. तिथे तळाचे सगळे स्क्रू लोण्यासारखे निघाले तरी उपयोग शून्य. 2008 च्या पहिल्या मॅकबुक एअरमध्ये रॅम अशी पक्की होती. 2012 पासून रेटिना मॅकबुक प्रोमध्ये तेच झालं, आणि मग पातळपणाच्या शर्यतीत बाकीच्या कंपन्याही त्याच वाटेने गेल्या. यामागे तांत्रिक कारणंही आहेत: कमी विजेची जलद मेमरी प्रोसेसरच्या जवळ हवी, आणि जुन्या पद्धतीचा सॉकेट त्या वेगाला अडथळा ठरतो. पण परिणाम एकच. खरेदीच्या दिवशी घेतली तेवढी रॅम, आणि ती पुढे वाढणार नाही.

दुसरी वाट म्हणजे स्क्रूची खाचच अनोळखी करून टाकणं. ॲपलने 2009 मध्ये पाच पाकळ्यांची खाच काढली, आधी एका लॅपटॉपच्या बॅटरीला आणि पुढे आयफोनला. तिचं टोक तेव्हा बाजारात मिळत नव्हतं. कॅलिफोर्नियातल्या आयफिक्सिट या कंपनीने ते बनवून विकायला काढलं; आज ते पन्नास टोकांच्या कुठल्याही स्वस्त डबीत असतं. खाच बदलून माणसं फार काळ रोखली गेली नाहीत. टाक्यांनी मात्र रोखली.

उलट दिशेचेही प्रयत्न आहेत. थिंकपॅड आणि लॅटिट्यूडच्या काही पिढ्यांत तळाचे स्क्रू झाकणातच अडकून राहतात. ते सैल होतात, पण हरवत नाहीत, आणि लांबीचा घोळ होतच नाही. फ्रेमवर्क या अमेरिकी कंपनीने 2021 मध्ये असा लॅपटॉप काढला, जो तळाचे पाच स्क्रू सैल केल्यावर उघडतो आणि स्क्रू ड्रायव्हर खोक्यातच मिळतो. मेमरीतही वाट निघाली आहे. डेलच्या कल्पनेवरून तयार झालेलं कॅम-2 हे मानक जेडेक संस्थेने डिसेंबर 2023 मध्ये जाहीर केलं. त्यात मेमरीची चपटी पाटी बोर्डवर स्क्रूंनी आवळली जाते, आणि पातळपणा, वेग, बदलता येण्याची सोय, तिन्ही जमतात. पट्टीला चिमट्या पुरत होत्या. मेमरी काढता यावी म्हणून उद्या मेमरीलाच स्क्रू लागणार.

सरकारदरबारी हालचाल आहे, पण सावकाश. 2014 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने 14 मोटार कंपन्यांना, सुटे भाग आणि माहिती बाहेरच्या गॅरेजांना नाकारल्याबद्दल, मिळून 2,544 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. दुरुस्ती हा बाजारातल्या न्यायाचा प्रश्न आहे, हे त्यातून कायद्याच्या भाषेत आलं. जुलै 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि 24 डिसेंबर 2022 ला त्याचं पोर्टल सुरू केलं. वस्तू किती सोप्या रीतीने दुरुस्त होते याचे गुण देणाऱ्या निर्देशांकाचा अहवाल मे 2025 मध्ये आला. त्याची सुरुवात स्मार्टफोन आणि टॅब्लेटपासून सुचवली आहे. फ्रान्समध्ये जानेवारी 2021 पासून लॅपटॉपवरही दहापैकी गुण छापावे लागतात, आणि ते गुण किती सहज उघडतो, कोणती हत्यारं लागतात, भाग मिळतात का, यावर ठरतात. म्हणजे तिथे स्क्रूलाही मार्क आहेत.

चाकांचा धंदा

1908 च्या इम्पीरिअल गॅझेटियरमध्ये पनवेलचा मुख्य धंदा म्हणून बैलगाडीची चाकं बनवण्याची नोंद आहे. घाट उतरून आलेला गाडीवान परतताना इथून चाकांची जोडी घेऊन जाई. घाटात चाक मोडणार हे गृहीत होतं. गाडी टाकून द्यायची नसे, चाक बदलायचं असे. आरे, पाट्या, तुंबा, वरची लोखंडी धाव, सगळं सुटं आणि सगळं पुन्हा बसणारं. वाटेवरच्या गावाचं पोट अशा सुट्या होणाऱ्या वस्तूंवर भरतं. लॅपटॉपची दुकानं त्याच हिशोबावर उभी आहेत. सगळी यंत्रं एकसंध झाली तर इथे फक्त विक्रीची दुकानं उरतील, आणि हाताला वळण असलेली ही पोरं डिलिव्हरीच्या बाइकवर दिसतील.

म्हणून अडलेल्या स्क्रूशी वैर धरू नये. कारखान्याने तो घातला तेव्हा, इथून उघडता येईल, असं कबूल केलेलं असतं. गंज, गोंद, झिजलेली खाच या सगळ्यांवर सुई, उष्णता आणि धीर यांचा उतारा आहे. टाक्यांनी जोडलेल्या मेमरीवर ग्राहकाच्या हातात कुठलाच उतारा नाही. या दिवाळीत घरात लॅपटॉप येणार असेल तर दुकानात स्क्रीन किती झळकते हे बघून झाल्यावर तो उलटा करावा, तळाला स्क्रू आहेत का, खाच ओळखीची आहे का, हे बघावं, आणि विक्रेत्याला सरळ विचारावं: रॅमला मोकळा स्लॉट आहे की बोर्डवर पक्की आहे? उत्तर ठाऊक नसेल तर त्या मॉडेलची सर्व्हिस मॅन्युअल तिथेच उघडायला लावावी. दहा गिऱ्हाइकांनी रोज हा प्रश्न विचारला तर तो वितरकाकडे जातो, वितरकाकडून कंपनीकडे. पातळपणा विकला जातो तो लोक विचारतात म्हणून; स्लॉटही तसाच विकला जाईल.